वाचकांचे प्रश्न : माळ्यावरची वटवाघळं

दिवाळीच्या साफसफाईसाठी माळे उघडले की वटवाघळांबद्दलची पत्रं एकदम वाढतात. या वेळी इंदूरच्या निरनिराळ्या भागांतून आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली, कारण पुढची बरीच उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : आमचं रामबागेतलं घर जुनं, दुमजली. वर कवेलूंचं छप्पर, त्याखाली सागवानी तक्तपोशी. या दोहोंच्या मधल्या पोकळीत वटवाघळं राहतात. दिवेलागणीला आढ्याच्या टोकाकडून भराभर बाहेर पडतात. माळ्यावर लेंड्यांचा थर साचलाय, वासाने वरच्या खोलीत बसवत नाही. डांबराच्या गोळ्या टाकल्या, लोभान-मिरचीची धुरी दिली, आवाजाचं यंत्र लावलं. थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आता गवंडी म्हणतो, दिवसा सगळ्या फटी सिमेंटने बुजवून टाकू, आतली आतच मरतील. करावं का?

उत्तर : मुळीच करू नका. दिवसा सगळी वटवाघळं आत असतात. तेव्हा फटी बुजवल्या तर काही आत मरून तक्तपोशीवर कुजतील, फळ्यांना कायमचे डाग पडतील आणि वासाबरोबर माशाही येतील. जी जगतील ती वाट शोधत फळ्यांच्या सांध्यांतून, दिव्याच्या वायरीच्या भोकातून खाली खोल्यांमध्ये उतरतील. शिवाय याची गरजच नाही. वटवाघळं रोज संध्याकाळी आपणहून घराबाहेर जातात. त्यांना परत आत शिरता येऊ नये, एवढीच तजवीज करायची असते.

तुम्ही केलेले तिन्ही उपाय का फसले तेही सांगतो, म्हणजे त्यावर आणखी पैसे जाणार नाहीत. हवेशीर छपराखाली डांबराच्या गोळ्यांचा वास वटवाघळांना नकोसा व्हायचा तर गोळ्या इतक्या लागतील की त्याआधी घरातल्या माणसांनाच त्रास होईल. ती वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली खोलीत उतरते. ज्या मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या द्रव्याची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेने फुटू शकतात. धुरीने वटवाघळं चार दिवस दुसऱ्या कोपऱ्यात सरकतात, आणि वाळलेल्या सागवानाखाली निखारे नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. यंत्राचा सूक्ष्म आवाज काही फुटांत विरतो, तुळईमागे पोचत नाही, आणि पोचला तरी वटवाघळांना त्याची सवय होते.

आता कामाचं. पहिलं काम पाहणीचं. ते घाईने उरकलं तर पुढचं सगळं वाया जातं. घराच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर एकेक माणूस उभा करा, म्हणजे प्रत्येकाला दोन बाजू दिसतात. ऑक्टोबरच्या मध्यात इंदुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो; पावणेसहाला जागा धरा आणि पावणेसातपर्यंत हलू नका. नजर भिंतीवर नको, छपराच्या कडेमागच्या आकाशावर ठेवा. वटवाघूळ बाहेर पडलेलं उजेडावरच दिसतं. असं दोन-तीन संध्याकाळी करा. बाहेर पडणं काही सेकंदांचं असतं, नजर चुकते. म्हणून एक दिवस पहाटे साडेपाच ते सव्वासहाही बघा. परतताना ती लगेच आत शिरत नाहीत. भोकासमोर घिरट्या घालतात, भिंतीला टेकतात, पुन्हा उडतात. संध्याकाळी जे भोक सापडलं नाही ते पहाटे हमखास सापडतं.

दिवसा त्या जागा शिडीवरून जवळून तपासा. रोजची वाट असलेल्या फटीच्या कडेला अंगातल्या तेलाने आलेला तपकिरी, चिकट डाग असतो आणि खालच्या भिंतीला लेंड्या चिकटलेल्या असतात. लेंडी नक्की वटवाघळाचीच का, हे काडीने दाबून पाहा. उंदराची कडक असते, वटवाघळाची चुरा होते आणि त्या चुऱ्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे कण दिसतात. त्यानंतर भर दुपारी माळ्यावर जाऊन दिवा बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. जिथून ऊन आत येतं ती प्रत्येक जागा खडूने खुणावून ठेवा.

किती फट मोठी समजायची? घरांत राहणारी लहान जातीची वटवाघळं, ज्यांना बरेच जण पाकोळ्या म्हणतात, ती अंगठ्याएवढी असतात. बारा-पंधरा मिलिमीटरची फट त्यांना पुरते. म्हणून सहा मिलिमीटरच्या वरची, म्हणजे पेन्सिल शिरेल अशी, प्रत्येक फट आपली समजायची. तुमच्यासारख्या घरात या जागा ठरलेल्या असतात : आढ्याच्या दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंत आणि छपराचा सांधा, वळचणीला वाशांच्या मधल्या मोकळ्या जागा, आढ्यावरच्या कवेलूंखालचा निघालेला चुना, सरकलेली कवेलू, जुन्या वायरिंगची भोकं.

मुख्य ये-जा असलेली एक किंवा दोन भोकं सोडून बाकी सगळं आधी बंद करा. तेही संध्याकाळी वटवाघळं निघून गेल्यावर किंवा ज्या जागी ती अजिबात नाहीत याची खात्री आहे तिथे दिवसा. जुन्या चुन्याच्या भिंतीत नुसतं सिमेंट भरू नका. भिंत मऊ, सिमेंट कडक. दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचा तुकडा कडेने सुटतो आणि तिथे पहिल्यापेक्षा लांब फट तयार होते. एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू हे मिश्रण घ्या. फट खोल असेल तर आत पाव इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) जाळीचा बोळा दाबून बसवा आणि वरून गिलावा करा. लाकूड आणि भिंतीच्या पाच मिलिमीटरपर्यंतच्या सांध्याला सीलंट चालतं, त्याहून रुंद असेल तर लाकडी पट्टी स्क्रूने बसवा. फुगणारा फोम एकट्याने वापरू नका. ओला असताना तो वटवाघळांच्या अंगाला चिकटतो, नंतर उंदीर कुरतडतात आणि उन्हाने त्याचा भुगा होतो. वाशांच्या मधल्या जागांना मात्र गिलावा नको, तिथे जीआय जाळीच ठोका. छपराखाली हवा खेळली नाही तर पावसाळ्यातली ओल लाकडात मुरते, आणि वटवाघळं गेली तरी वासे कुजतील.

शेवटी उरलेल्या भोकावर एकतर्फी वाट करायची. भोक लांबट असेल तर जाळी, गोल असेल तर पाइप.

जाळीसाठी साधी नायलॉनची मच्छरजाळी घ्या. सियागंजात मीटरवर मिळते. कबुतरांसाठी बाल्कनीला लावतात ती मोठ्या घरांची जाळी अजिबात नको, तिच्यात पंख अडकून वटवाघळं लटकून मरतात. भोकाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर दीड-दोन इंच जाडीच्या उभ्या लाकडी पट्ट्या लावा. भोकाच्या वर आणि दोन्ही पट्ट्यांवर जाळी घट्ट मारा, खालची बाजू मोकळी सोडा. जाळी भोकाच्या खाली निदान दोन फूट यायला हवी. बाहेर पडणारं वटवाघूळ भिंत आणि जाळीच्या मधून सरपटत खाली येतं आणि उडून जातं. परत आल्यावर ते थेट भोकाच्या वासावर, म्हणजे जाळीच्या वरच्या भागावर, येऊन बसतं. खालून वाट आहे हे त्याला उमगत नाही. जाळी भिंतीला टेकली तर आतलं बाहेर येत नाही, आणि आखूड पडली तर बाहेरचं आत येतं. काम फसण्याची कारणं बहुतेक याच दोनपैकी एक असतात.

गोल भोकासाठी दोन इंची, आतून गुळगुळीत पीव्हीसी पाइपचा दहा-बारा इंचांचा तुकडा घ्या. त्याचं तोंड भोकात अर्धा सेंटिमीटरपेक्षा जास्त घुसवू नका, दुसरं टोक खाली झुकलेलं ठेवा, कडेची जागा कापडाने भरा. खालच्या टोकाला पातळ पॉलिथिनची सहा-आठ इंचांची बाही चिकटटेपने बांधा. आतून येणाऱ्याला ती उघडते, बाहेरच्याला मिटलेली असते.

ही व्यवस्था सलग पाच ते सात रात्री राहू द्या. ज्या रात्री जोराचा पाऊस झाला ती धरू नका, कारण तेव्हा काही वटवाघळं बाहेर पडतच नाहीत. मग पुन्हा एक संध्याकाळ पाहणीची. एकही बाहेर पडलं नाही तर दुसऱ्या दिवशी जाळी काढून भोक कायमचं बंद करा. बाहेर पडताना दिसलीच, तर दुसरी वाट राहून गेली आहे. ती शोधून बंद करा आणि रात्री पहिल्यापासून मोजा.

कवेलूंबद्दल एक स्पष्ट मत. देशी, अर्धगोल कवेलूंचं छप्पर वरून शंभर टक्के बंद होत नाही, दर हातावर फट असते. वटवाघळं टोकाच्या एक-दोन जागांतूनच जात असतील तर वरचा उपाय पुरेल. पण ती छपरभर कुठूनही निघत असतील तर खरा इलाज शाकारणीच्या वेळी होतो. कवेलू उतरवल्यावर रिपांखाली पाव इंची जाळी सलग अंथरून घ्यायची. खर्च मोठा आहे. तोवर निदान तक्तपोशीचे सांधे आणि वायरींची भोकं खालून बंद करा आणि माळ्यावर जाड प्लास्टिक अंथरा. वर्षातून एकदा ते गुंडाळून काढता येतं.

प्रश्न : तिलकनगरच्या आमच्या घरात पत्र्याच्या छपराखाली वटवाघळं आहेत. घरात लग्न असल्याने आत्ता वेळ नाही. जानेवारीत काम काढलं तर? की सरळ उन्हाळ्यात, सुटीत करावं?

उत्तर : दोन्ही वेळा अडचणीच्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र दहा अंशांच्या खाली जाते. किडे कमी, थंडी जास्त, म्हणून वटवाघळं अंग गार करून पडून राहतात आणि कित्येक रात्री बाहेरच येत नाहीत. जाळी लावून आठवडा झाला, कोणी दिसत नाही, म्हणून भोक बुजवलं आणि सगळी आतच होती, असं होतं. उन्हाळा आणि पावसाळा हा पिलांचा काळ. मोठ्या, पिवळसर पोटाच्या वटवाघळांना वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर पिलं होतात. लहान पाकोळ्यांना वर्षात एकाहून जास्त वेळा होऊ शकतात. पिलू उडायला लागायला साधारण महिना-दीड महिना जातो. तोवर आई रात्री त्याला माळ्यावर ठेवून जाते. अशा वेळी जाळी लावली की आई बाहेर आणि पिलं आत. आई खोल्यांच्या खिडक्यांवर धडका देत राहते, आणि पिलं भुकेने मरून वळचणीतून खाली पडतात.

त्यामुळे पावसाळा संपल्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. तो हुकला तर फेब्रुवारीत, रात्री थोड्या उबदार झाल्यावर, एक छोटी संधी मिळते. पण महिना कोणताही असो, जाळी लावण्याच्या आदल्या रात्री पिलं नाहीत ना, हे डोळ्यांनी बघा. मोठी निघून गेल्यावर अर्ध्या तासाने मास्क लावून माळ्यावर जा. टॉर्चवर लाल कापड बांधा. गुलाबी किंवा राखाडी, केस नसलेली, एकमेकांना चिकटून लोंबणारी पिलं दिसली किंवा बारीक चिवचिव ऐकू आली, तर खाली या आणि सहा आठवडे थांबा.

पन्हळी पत्र्याच्या बाबतीत फट शोधायला फार कष्ट नाहीत. पत्र्याचा प्रत्येक उंचवटा भिंतीवर टेकतो तिथे एकेक अर्धगोल भोक असतं. पत्रेवाल्याकडे त्याच आकाराच्या फोमच्या पट्ट्या मिळतात. त्या बसवून बाहेरून जीआय जाळी मारा, नाहीतर उंदीर पट्ट्या ओढून नेतात.

प्रश्न : वटवाघळं गेली, पण माळ्यावर बोटभर जाड थर आहे. आईला दमा आहे. झाडून काढायला माणूस लावू का? आणि ही घाण गच्चीवरच्या कुंड्यांना खत म्हणून चालते असं ऐकलं, खरं का?

उत्तर : कोरडं झाडू नका, आणि घरचा व्हॅक्युम क्लीनरही लावू नका. वटवाघळांच्या जुन्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. तिचे बीजाणू धुळीबरोबर छातीत गेले की तीन ते सतरा दिवसांत ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं सुरू होऊ शकतं. बरेच जण आपोआप बरे होतात. दमेकरी, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र हा आजार जड जातो. आईंना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. नंतर घरात कोणाला असा ताप आलाच तर डॉक्टरांना माळा साफ केल्याचं मुद्दाम सांगा, कारण लक्षणं फ्लू किंवा क्षयासारखी दिसतात आणि कोणी विष्ठेबद्दल विचारत नाही.

काम करणाऱ्याला एन-९५ मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि बूट द्या. रुमाल बांधून भागत नाही. कामासाठी लावलेल्या माणसालाही हे सगळं आपणच द्यायचं असतं. बागेचा फवारा घ्या, पाच लिटर पाण्यात चमचाभर भांड्यांचा द्रवसाबण टाका आणि थरावर हलकेच फवारा. धार मारू नका, पाणी फळ्यांतून खाली उतरून छताला पिवळे ओघळ येतात. वीस मिनिटांनी थर ओलसर होतो, तेव्हा प्लास्टिकच्या सुपलीने उचलून जाड पिशवीत भरा, तोंड बांधून दुसऱ्या पिशवीत घाला. मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने लाकूड पुसा. ब्लीचचा मोह टाळा. लाकडात मुरलेल्या मुतात अमोनिया असतो. त्यावर ब्लीच पडलं की विषारी वायू निघतो आणि बंद माळ्यावर तो कोंडतो. वासासाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, माळा दोन-तीन दिवस उघडा ठेवा. मास्क-हातमोजे कचऱ्याच्या गाडीत घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या, ओल्यात नको.

साफसफाईनंतर काही दिवस खोल्यांत ढेकणासारखे किडे किंवा बारीक गोचिडं दिसली तर घाबरू नका. ती वटवाघळांच्या अंगावरची. यजमान गेल्यावर भुकेने खाली येतात. अशा वेळी माळ्याच्या फटींत कीटकनाशकाची एक फवारणी योग्य ठरते. वटवाघळं आत असताना ती करू नये.

खताचं खरं आहे, त्यात नत्र भरपूर असतं. म्हणूनच ताजी विष्ठा थेट घातली तर मुळं करपतात. एक भाग विष्ठा, दहा भाग सुकी पानं आणि माती, असं ओलसर ठेवून तीन-चार महिने कुजवा, मग कुंडीला मूठभर घाला. घरात दमेकरी असताना मात्र आम्ही हा उद्योग करू नका असंच म्हणू. शेणखत स्वस्तात मिळतं.

प्रश्न : विजयनगरला आठव्या मजल्यावर राहतो. माळा नाही तरी एसीच्या पाइपाजवळून वटवाघूळ घरात येतं. कसं काय?

उत्तर : उंची त्यांना अडवत नाही. एसीच्या पाइपाचं भोक, रोलिंग शटरचा डबा, बाहेरच्या फरशीमागची पोकळी आणि इमारतीच्या दोन भागांमधला सांधा या नेहमीच्या जागा. पाइपाचं भोक घरातून जाळीचा बोळा आणि सीलंटने बंद करा, अर्ध्या तासाचं काम आहे. सांध्यात वस्ती असेल तर एका फ्लॅटने बंद करून ती शेजारच्या फ्लॅटमध्ये जाते. ते काम सोसायटीने एकदम, वरपासून खालपर्यंत करायचं असतं.

प्रश्न : रात्री खोलीत वटवाघूळ शिरलं. ह्यांनी टॉवेलने मारून पाडलं आणि हाताने उचलताना ते बोटाला चावलं. जखम अगदी बारीक आहे. काय करावं? पुन्हा आलं तर कसं बाहेर काढायचं? (सुदामानगर)

उत्तर : बारीक जखमही गंभीर धरा. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी थेट आलेला संपर्क सर्वांत जोखमीच्या, तिसऱ्या वर्गात धरते. 'कुत्रा नव्हता, वटवाघूळ होतं' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हे पत्र छापून येईपर्यंत थांबला असाल तर आजच जा, उशीर झाला म्हणून जायचं टाळू नका. लहान मूल किंवा झोपलेला माणूस असलेल्या खोलीत सकाळी वटवाघूळ सापडलं तरीही डॉक्टरांना दाखवा, कारण त्यांचे दात सुईसारखे असतात आणि खूण दिसेलच असं नाही.

पुन्हा आलं तर सर्वांत आधी पंखा बंद करा. खोलीत शिरलेली वटवाघळं बहुधा पंख्याच्या पात्याने मरतात किंवा जखमी होऊन खाली पडतात, आणि मगच चावतात. घराच्या आतली दारं लावा, बाहेरच्या खिडक्या पूर्ण उघडा, जाळीची दारंही बाजूला करा, दिवे घालवा आणि खोलीबाहेर या. दहा-पंधरा मिनिटांत ते निघून जातं. पडद्यावर बसून राहिलं तर जाड चामडी हातमोजे घालून त्यावर पुठ्ठ्याचा खोका उपडा ठेवा, पडदा आणि खोक्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवा आणि बाहेर न्या. जमिनीवर सोडू नका. बऱ्याच वटवाघळांना जमिनीवरून झेप घेता येत नाही. खोका आडवा करून छातीएवढ्या उंचीवर झाडाच्या खोडाला टेकवा, ते सालीवर चढून मग उडेल.

प्रश्न : आमच्या पोर्चमध्ये रोज सकाळी अशोकाच्या बिया, चघळलेले चोथे आणि भिंतीवर पिवळे शिंतोडे. दिवसा मात्र एकही वटवाघूळ दिसत नाही. जाळी कुठे लावू? (लोकमान्यनगर)

उत्तर : जाळीचा इथे उपयोग नाही, कारण इथे कोणी राहत नाही. ही फळं खाणारी वटवाघळं. फळ झाडावर न खाता ती आडोशाला, छताच्या एखाद्या हुकाला लटकून खातात आणि बी टाकतात. फळांचा हंगाम संपला की हा त्रास आपोआप थांबतो. तोवर ती कुठे लटकतात ते शोधा : बियांच्या ढिगाच्या बरोबर वर बघा. दिव्याचा रिकामा हुक, ग्रिलची आडवी सळई, खरबरीत गिलावा. हुक काढा, सळईला गुळगुळीत पीव्हीसी पाइप चिरून बसवा, खरबरीत जागेवर प्लास्टिकची शीट लावा. पाय धरायला काही नसलं की ती दुसरा आडोसा बघतात. रात्रभर छताकडे तोंड केलेला दिवा उघड्या पोर्चमध्ये थोडा उपयोगी पडतो. माळ्यावर मात्र दिवा लावू नका, तिथे ती अंधाऱ्या भेगांत आणखी आत शिरतात. बिया हातमोजे घालून उचला, शिंतोडे सुकण्याआधी पुसा, आणि अर्धवट खाल्लेलं फळ, पेरू असो वा आंबा, धुऊनसुद्धा खाऊ नका. २०१८ साली केरळमध्ये कोझिकोडला निपाहची साथ आली तेव्हा तिचं मूळ अशाच फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत सापडलं होतं.

प्रश्न : एक पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो, एकदा फवारलं की काम संपलं, वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत आहेत, मारायला हरकत नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : ही माहिती जुनी झाली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. कायदा बाजूला ठेवला तरी फवारणी चुकीचीच. कीटकनाशक अंगावर पडलेली वटवाघळं लगेच मरत नाहीत. ती भेलकांडत अंगणात, गल्लीत पडतात, आणि मुलं व कुत्री त्यांना हात-तोंड लावतात. भोक उघडंच राहिल्याने पुढच्या हंगामात दुसरी येतात. असा माणूस घरी आला तर त्याला एकच विचारा : फटी कोणत्या, आणि त्या कशाने बंद करणार? याचं उत्तर नसेल तर त्याला काम देऊ नका.

प्रश्न : आम्हाला ती घरात नकोत, पण मारायचीही नाहीत. डास खातात म्हणे. अंगणात त्यांच्यासाठी काही करता येईल का? (स्नेहलतागंज)

उत्तर : जरूर करा. एक पाकोळी रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास किडे खाते. डासांबरोबर पिकांवरचे पतंग आणि भुंगेही त्यात येतात. तिच्यासाठी लाकडी पेटी करता येते. दोन फूट उंच, सव्वा फूट रुंद अशा दोन फळ्या, मध्ये फक्त पाऊण इंचाची पोकळी, तीन बाजू बंद आणि तळ उघडा. मागची फळी खाली पाच-सहा इंच जास्त ठेवा, तिच्यावर ती उतरतात. आतल्या बाजूला करवतीने आडव्या खाचा पाडा, नाहीतर पाय टिकत नाहीत. आतून रंग, पॉलिश, वाळवीचं औषध काही लावू नका. प्लायवूडचे थर ओलीने सुटतात, म्हणून जुन्या सागाच्या फळ्या बऱ्या.

पेटी झाडाला टांगू नका, भिंतीला बारा ते पंधरा फुटांवर पक्की बसवा. खाली फांद्या, वायरी, मांजराला चढायला काही नको. दिशा पूर्वेची घ्या. परदेशी पुस्तकांत दिवसभर उन्हात ठेवा असं असतं, ते थंड देशांसाठी आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवरची पेटी आतल्या जिवांना भाजून काढेल. पेटी माळ्यावरची जाळी लावण्याच्या महिनाभर आधी बसवा, जुन्या भोकापासून फार लांब नको. ती येतीलच याची हमी नाही. कधी पहिल्याच हंगामात येतात, कधी दोन वर्षं पेटी रिकामी राहते. पेटीच्या तळातून आत टॉर्च मारून सारखं बघू नका, खाली लेंड्या दिसल्या की समजा. पावसाळ्यानंतर एकदा कोळिष्टकं आणि गांधीलमाश्यांची घरटी काढून टाका, तेही पेटी रिकामी आहे याची खात्री झाल्यावर.